फर्ममधून नाव कमी करताना

भांडण झालं नव्हतं, हे आधीच सांगते. मी फर्म सोडली म्हटलं की नाशिकमधला ओळखीचा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो. आम्ही तिघं भागीदार होतो. अंबड एमआयडीसीत पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. मशीन, कामगार आणि माल बघायचा माझा मावसभाऊ. त्याला मी दादा म्हणते. पिंपळगाव बसवंतच्या अण्णांनी भांडवलाचा मोठा वाटा घातला होता आणि द्राक्ष निर्यातदारांच्या ऑर्डरी तेच आणायचे. बिलं, बँक, जीएसटी आणि वसुली माझ्याकडे. नफ्यात दादाचे ४० टक्के, अण्णांचे ३०, माझे ३०.

दादा आणि अण्णांना फाइव्ह-प्लायची, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याची, ऑटोमॅटिक लाइन घ्यायची होती. त्यांचं गणित चुकीचं नव्हतं. जानेवारीत द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की निर्यातदार मागतील तेवढी खोकी आमच्या जुन्या मशीनवर निघत नसत आणि ऑर्डर सिन्नरकडे जायची. पण लाइनसाठीचं टर्म लोन सीसी लिमिटच्या, म्हणजे रोजच्या धंद्यासाठी बँकेनं दिलेल्या कॅश क्रेडिटच्या, वर चढणार होतं आणि त्या लिमिटला आधीच आमचा इंदिरानगरचा फ्लॅट तारण होता. माझी पन्नाशी उलटलेली, नवऱ्याची नोकरी संपत आलेली. घरावर आणखी बोजा चढवायचा नाही, एवढं माझं पक्कं होतं.

सीबीएसजवळ, कोर्टासमोरच्या गल्लीत ज्या वकीलबाईंकडे आमची चेक बाउन्सची कामं असायची, त्यांच्याकडे मी एकटीच गेले. पहिला प्रश्न साधा होता: मी नाही म्हटलं तरी ते दोघं लाइन घेऊ शकतात का? त्यांनी भागीदारीचा १९३२ चा कायदा उघडला. कलम १२ म्हणतं की धंद्याच्या नेहमीच्या बाबींमधला मतभेद बहुमतानं मिटवायचा, मात्र निर्णयाआधी प्रत्येकाला आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे. धंद्याचं स्वरूपच बदलायचं असेल तर सगळ्यांची संमती लागते. खोकी बनवायचीच होती, फक्त मोठ्या मशीनवर. मग स्वरूप कुठे बदललं? म्हणजे कायद्यावर बोट ठेवून वाद घातला असता तर मी बहुधा हरलेच असते. गंमत अशी की बँकेला हे बहुमत चालत नाही. कर्जाच्या कागदांवर तिन्ही भागीदारांच्या सह्या हव्यातच. म्हणजे सही न करून मी लाइन अडवू शकत होते. मला ते नको होतं. ज्यांच्यासोबत २०११ पासून जेवणाचे डबे उघडले, त्यांचा धंदा नुसत्या बसून राहण्यानं अडवायचा, त्यापेक्षा आपण बाजूला व्हावं.

वकीलबाई म्हणाल्या, “ताई, बाजूला व्हायचे दोन रस्ते आहेत. तुमच्या डीडमध्ये, म्हणजे भागीदारीच्या करारपत्रात, मुदत लिहिलेली नाही, म्हणजे ही स्वेच्छा भागीदारी. तुम्ही लेखी नोटीस देऊन अख्खी फर्म विसर्जित करू शकता, किंवा नोटीस देऊन तुम्ही एकट्या निवृत्त होऊ शकता.” दोन्ही रस्ते एका कागदाच्या नोटिशीवर उघडतात, पण पुढे त्यांचा मेळ नाही. विसर्जन झालं की मशीन भंगाराच्या भावात जातात. आलेल्या पैशातून आधी बाहेरच्यांची देणी, मग भागीदारांनी भांडवलाच्या वर दिलेल्या उसनवाऱ्या, मग भांडवल, आणि उरलं तर नफ्याच्या प्रमाणात वाटप. कमी पडलं तर तोटा आधी नफ्यातून, मग भांडवलातून आणि शेवटी प्रत्येकाच्या खिशातून. निवृत्तीत फर्म चालू राहते आणि एका माणसाचा हिशोब होतो. मी निवृत्ती निवडली. तेव्हा वाटलं, चला, तिघांनी बसून एक आकडा ठरवायचा, सह्या करायच्या, झालं.

तेवढ्यात वकीलबाईंनी एका कागदावर उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘आतलं’, उजवीकडे ‘बाहेरचं’. आतलं म्हणजे आम्हा तिघांमधलं. तिथे डीड राजा. डीड गप्प असेल तिथे कायदा बोलतो. बाहेरचं म्हणजे बँक, पेपर मिल, गिऱ्हाईक, सरकार. त्यांच्यासाठी आमच्या डीडमधल्या वाटणीला काडीची किंमत नाही. तुमचे ३० टक्के आत. बाहेर तुम्ही शंभर टक्क्यांच्या देणेकरी. कलम २५. भागीदार असतानाच्या फर्मच्या प्रत्येक कृत्याबद्दल प्रत्येक भागीदार इतरांसोबतही जबाबदार आणि एकटाही जबाबदार. तुमच्याकडे फ्लॅट आहे म्हणून मिलवाल्यानं सगळी रक्कम तुमच्याकडूनच वसूल केली, तर तुम्ही दादांकडून आणि अण्णांकडून त्यांचा हिस्सा मागत बसायचं. तो कागद मी जपून ठेवला. पुढचे कित्येक महिने डावी बाजू उरकत आणली की उजवीकडे काहीतरी उगवायचं.

डावी बाजू आधी. आमचं डीड कुठल्या तरी तयार नमुन्यावरून टाइप केलेलं होतं. काम करणाऱ्या भागीदारांना मोबदला मिळेल असं त्यात होतं, हे बरं झालं; कारण तसं लिहिलेलं नसेल तर कायद्यानं भागीदाराला धंद्यात राबण्याबद्दल एक पैसाही पगार मिळत नाही, मग तुम्ही सकाळी आठ ते रात्री आठ बसा नाहीतर नुसते चहाला या. भांडवलावर १२ टक्के व्याज लिहिलेलं होतं. अडचण निघाली अण्णांच्या पैशांवर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, ऐन हंगामाच्या शेवटी, निर्यातदारांकडचं येणं अडकलं तेव्हा पगार आणि पेपरवाल्यांसाठी अण्णांनी स्वतःचे पैसे फर्मला दिले होते. ते आम्ही त्यांच्या भांडवल खात्यातच जमा दाखवले आणि दर वर्षी १२ टक्क्यांनी व्याज मांडत गेलो. माझा हिस्सा काढायला बसलो तेव्हा सीएनी नेमकं तेच उकरलं. ठरलेल्या भांडवलाच्या वर धंद्यासाठी दिलेल्या रकमेवर, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, कायदा ६ टक्के व्याज देतो. १२ हा आकडा आयकराचा आहे: भागीदाराला दिलेल्या व्याजापैकी जास्तीत जास्त तेवढं फर्मला खर्च म्हणून मिळतं, तेही डीडमध्ये लिहिलेलं असेल तरच. आयकराच्या मर्यादेला लोक हक्क समजतात आणि अंबडमध्ये बहुतेक फर्म याच समजुतीवर चालतात.

अण्णा दुखावले. “ताई, मी संकटात पैसे दिले आणि तुम्ही मला व्याजाचा दर शिकवता?” त्यांचं बरोबर होतं आणि हिशोबही बरोबर होता. मी फरक सोडून दिला. पूर्ण नाही, अर्धा. तो अर्धा नसता सोडला तर पुढच्या सगळ्या सह्या पिंपळगावहून यायला किती वेळ लागला असता, हे मला माहीत होतं.

दादाशी अवघड गेलं ते कात्रणावरून. खोकी कापताना पुठ्ठ्याच्या पट्ट्या उरतात. ते कात्रण वजनावर पेपर मिलला परत जातं. बाकी सगळं माझ्या वह्यांत यायचं, कात्रण येत नसे. ते दादा परस्पर विकायचा आणि मी कधी विचारलं नव्हतं. वकीलबाईंनी यादी करून दिली: एकमेकांशी प्रामाणिक राहणं, खरे हिशोब आणि पूर्ण माहिती देणं ही भागीदारांची कर्तव्यं, फर्मच्या व्यवहारातून कुणी स्वतःसाठी फायदा काढला तर तो फर्मला परत द्यायचा, आणि प्रत्येक भागीदाराला फर्मची कुठलीही वही बघायचा, तिची नक्कल घ्यायचा हक्क. तो हक्क वापरते म्हटल्यावर दादा दोन दिवस बोलला नाही. मग त्यानं शंभर पानी वही माझ्या टेबलावर आणून ठेवली. दर खेपेचं वजन, भाव, आणि खाली खर्च: कामगारांचा चहा, दिवाळीच्या पेट्या, एकाच्या मुलीच्या ॲडमिशनला दिलेले पैसे, रात्रपाळीच्या टेम्पोचं डिझेल. स्वतःसाठी काही घेतलेलं दिसलं नाही. तरी ते उत्पन्न ताळेबंदात नव्हतं आणि त्यावरचा जीएसटी भरलेला नव्हता. हे दुसरं मला जास्त टोचलं, कारण ती जबाबदारी उजव्या बाजूची. सीएनी तो कर व्याजासह भरून घेतला आणि त्यानंतरच आम्ही पुढे सरकलो.

मग शेड. प्लॉट एमआयडीसीचा, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं, फर्मच्या आधीपासून दादाच्या नावावर. फर्म तिथे धंदा करते म्हणून तो फर्मचा होत नाही. पण मागचं वाढीव शेड फर्मच्या पैशानं बांधलेलं होतं, आणि फर्मच्या पैशातून उभं राहिलेलं ते सहसा फर्मचं धरतात. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, शेडमधला आपला ३० टक्के कोपरा मागून घे. तसं होत नाही. फर्म चालू असताना अमुक वस्तूतला अमुक भाग माझा, असं कुठलाच भागीदार म्हणू शकत नाही. त्याचा हक्क शेवटी निघणाऱ्या रकमेवर असतो. सर्वोच्च न्यायालयानं १९६६ मध्येच भागीदाराचा हिस्सा जंगम मालमत्तेत मोडतो, फर्मकडे जमीन असली तरीही, असं सांगून ठेवलं आहे. व्हॅल्युअर आणला, शेडचा आकडा घेतला आणि तो हिशोबात धरला. नावलौकिकाचा, म्हणजे गुडविलचा, आकडा मात्र पाणीपुरीच्या गाडीवर उभं राहून ठरला. त्याला काही शास्त्रीय आधार होता असं मी म्हणणार नाही. तो वाढवायला दादा का तयार नव्हता, हे नंतर कळलं: निवृत्त होणाऱ्याला त्याच्या भांडवल खात्यावरच्या शिलकीपेक्षा जास्त रक्कम दिली, तर त्या जादा रकमेवरचा कर हल्ली फर्मला भरावा लागतो. सीएनी त्याला आधीच सावध केलं होतं.

तारखेवरून वेगळीच चर्चा झाली, आणि या सगळ्या प्रकरणात माझी सगळ्यात शहाणी सूचना कुठली असेल तर ती हीच. सीएंना ३१ मार्च हवी होती, वह्या तिथे आपोआपच बंद होतात. पण खोक्यांच्या धंद्यात ३१ मार्च हा सगळ्यात वाईट दिवस. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वापीच्या मिलकडून क्राफ्ट पेपरचे रीळ भरलेले, सीसी लिमिट काठोकाठ, आणि माल गेलेला असला तरी निर्यातदारांचे पैसे मे-जूनमध्ये येणार. त्या दिवशी बाहेर पडले असते तर मी बाहेरच्यांची जास्तीत जास्त देणी डोक्यावर घेऊन बाहेर पडले असते. निवृत्तीच्या दिवसापर्यंतच्या देण्यांची जबाबदारी सुटत नाही. मी ३० जून म्हटलं. तोवर पैसे वसूल होतात, मिलची बिलं भागतात, लिमिट खाली येतं. वर्षाच्या मध्येच वह्या कापायच्या म्हणून सीए कुरकुरले, पण कापल्या.

निवृत्तीच्या करारपत्रावर दादाच्या वकिलांनी एक कलम घातलं: दहा वर्षं, अख्ख्या महाराष्ट्रात, पुठ्ठ्याचा कुठलाही धंदा मी करायचा नाही. कायदा मुळात उलटा आहे. बाहेर पडलेला भागीदार स्पर्धेचा धंदा करू शकतो, त्याची जाहिरातही करू शकतो; फक्त जुन्या फर्मचं नाव वापरायचं नाही, तिचा भागीदार म्हणून मिरवायचं नाही आणि तिची गिऱ्हाइकं ओढायची नाहीत. मात्र ठरावीक मुदतीपुरता किंवा ठरावीक भागापुरता बंधनाचा करार करता येतो, तो वाजवी असला पाहिजे. मला खोक्यांचा धंदा परत करायचाच नव्हता, तरीही मी भांडले. उद्या मुलीनं पॅकेजिंगमध्ये काही करायचं ठरवलं तर? नाशिक जिल्हा आणि दोन वर्षं, यावर थांबलो.

पैसे हप्त्यांनी मिळणार होते. इथे वकीलबाईंनी कलम ३७ दाखवलं. हिशोब न मिटवता बाकीचे भागीदार माझ्या हिश्श्यावर धंदा करत राहिले, तर मला निवड आहे: माझ्या पैशाच्या वापरातून आलेला नफ्याचा भाग मागायचा किंवा वर्षाला ६ टक्के व्याज. करारात वेगळं लिहून हा हक्क सोडताही येतो, आणि तयार नमुन्यांत तो बऱ्याचदा नकळत सुटतो. आम्ही हप्त्यांच्या तारखा, उशिराचं व्याज आणि ३० जूनपर्यंतच्या सगळ्या देण्यांबद्दल उरलेले दोघं माझी भरपाई करतील अशी हमी, तिन्ही स्वच्छ लिहून घेतलं. वकीलबाई लगेच म्हणाल्या, “ही हमी डावीकडची आहे. मिलवाला ती वाचणार नाही.”

उजवी बाजू सुरू झाली जाहीर नोटिशीपासून. भागीदार हा फर्मचा एजंट असतो. मी निघून गेल्यावर दादानं वापीला फोन करून वीस टन पेपर मागवला, आणि मिलवाल्याला मी गेल्याचं माहीतच नसेल, तर त्या बिलालाही मी बांधली जाते. जाहीर नोटीस दिली जाईपर्यंत हे चालू राहतं. मला भागीदार म्हणून ओळखतच नव्हता अशा माणसापुरती तेवढी सूट आहे. नोंदणी झालेल्या फर्मच्या बाबतीत नोटीस म्हणजे तीन ठिकाणं: रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे बदलाची सूचना, शासकीय राजपत्रात प्रसिद्धी, आणि जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात जाहिरात. बहुतेक लोक वर्तमानपत्रावर थांबतात. जाहिरात स्वस्तात आणि लगेच होते, कात्रण फाइलला लागलं की समाधान वाटतं. राजपत्राला अर्ज, शुल्क आणि धीर लागतो. रजिस्ट्रारकडच्या बदलाच्या सूचनेचा फॉर्म ई दादा आणि अण्णांच्या सह्यांसाठी अंबड-पिंपळगाव असा फिरत राहिला. निवृत्त झालेला किंवा चालू फर्ममधला कुठलाही भागीदार नोटीस देऊ शकतो, म्हणून जाहिरात आणि राजपत्र मी माझ्याच हातात ठेवलं. ज्याचा गळा अडकलाय त्यानंच धावावं. शिवाय ज्यांच्याशी व्यवहार होता त्या प्रत्येक मिलला, शाईवाल्याला, स्टार्चवाल्याला, ट्रान्सपोर्टवाल्याला रजिस्टर्ड पोस्टानं पत्र आणि ईमेल पाठवला. कायदा तेवढं मागत नाही, पण उद्या कुणी ‘आम्हाला कुठे माहीत होतं’ म्हणालं तर पोचपावती बरी.

आमची फर्म नोंदलेली होती म्हणून हे तरी. सातपूरच्या एका ओळखीच्या फर्मनं नोंदणी कधी केलीच नव्हती. गिऱ्हाइकानं मोठी रक्कम बुडवली आणि कळलं की कराराच्या हक्कावर त्यांना त्याच्यावर दावाच लावता येत नाही. त्यांच्यावर मात्र कुणीही दावा लावू शकतो. महाराष्ट्रात एक काळ याहून कडक होता: नोंदणी नसेल तर भागीदारांना विसर्जनाचा किंवा विसर्जित फर्मच्या हिशोबाचा दावाही बंद होता. ती राज्याची दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये घटनाबाह्य ठरवली. आता तो दरवाजा उघडा आहे, पण बाहेरच्याकडून वसुलीचा बंदच आहे.

जीएसटीत एक बारीक खिळा आहे, आणि सीएसुद्धा तो विसरतात. पोर्टलवर भागीदार कमी केल्याची दुरुस्ती पंधरा दिवसांत टाकायची, ती आमच्या सीएनी टाकली. पण जीएसटी कायद्याचं कलम ९० वेगळी गोष्ट सांगतं: निवृत्तीची लेखी सूचना आयुक्तांना द्यायची. एका महिन्यात दिली नाही, तर ती त्यांच्याकडे पोचेल त्या दिवसापर्यंतच्या कराची जबाबदारी चालू राहते. पोर्टलची दुरुस्ती हीच सूचना, असं सीएंचं मत. असेलही. मी साध्या कागदावर पत्र लिहिलं, निवृत्तीच्या करारपत्राची प्रत जोडली आणि जीएसटी कार्यालयाच्या आवक खिडकीवर शिक्का मारून घेतला. शिक्क्यावर वाद घालायला कुणी येत नाही. ३० जूनपर्यंतचा कर मात्र, तो नंतर कधी ठरवला गेला तरी, माझ्याही डोक्यावर आहे. त्यामुळे त्या वर्षांची विवरणपत्रं आणि बिलं यांच्या प्रती माझ्या घरी आहेत. दादाला ते आवडलं नाही. आवडायची गरज नव्हती.

सगळ्यात लांबलं ते बँकेचं. फर्ममधून निवृत्त होणं आणि बँकेच्या जामिनातून सुटणं, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. माझ्या सह्या दोन नात्यांनी होत्या, भागीदार म्हणून आणि वैयक्तिक जामीनदार म्हणून, आणि वर फ्लॅट तारण. करारपत्र दाखवल्यावर मॅनेजरनी ते शांतपणे वाचलं आणि परत दिलं. त्यांच्या दृष्टीनं तिघांनी आपसात काय लिहून घेतलं हा तिघांचा प्रश्न. सुटका हवी तर बँक, मी आणि उरलेले दोघं अशी मिळून ठरायला हवी, आणि बँक तेव्हाच मान्य करणार जेव्हा फ्लॅटच्या जागी तेवढंच दुसरं तारण येईल.

ते येईपर्यंत काय? वकीलबाईंनी दोन गोष्टी करायला लावल्या. कराराच्या कायद्यातल्या कलम १३० प्रमाणे, चालू राहणारी हमी पुढच्या व्यवहारांपुरती मागे घेतल्याची लेखी नोटीस बँकेला. आणि ३० जूनच्या शिलकीचं बँकेकडून लेखी प्रमाणपत्र. दुसऱ्या गोष्टीचं महत्त्व मला उशिरा कळलं. सीसी खातं म्हणजे रोज पैसे येतात, रोज जातात. जुनी बाकी कुठली आणि नवी कुठली हे पुढे कोण सांगणार? वेगळं काही ठरलेलं नसेल तर आलेले पैसे आधी सगळ्यात जुन्या देण्यात जातात, असा इंग्लंडमधला १८१६ चा एक निकाल आहे आणि आपल्याकडेही साधारण तोच हिशोब चालतो. म्हणजे त्याच खात्यात गिऱ्हाइकांचे पैसे जमा होत राहिले तर माझ्या काळातली बाकी पुसत जाते. माझ्या फायद्याचंच की. पण बँकही हे जाणते. तिनं ते खातं गोठवायची आणि उरलेल्या दोघांच्या नावे नवं उघडायची भाषा केली. जुलै महिना, पगार तोंडावर. दादाचा फोन आला, “तुझ्या नोटिशीनं माझं खातं बंद पडेल.” मी म्हटलं, “तुझ्या तारणानं ते पुन्हा उघडेल.” त्या दिवशी आम्ही जरा वरच्या आवाजात बोललो.

तारण म्हणून दादा शेवटी अंबडचा प्लॉट द्यायला तयार झाला. भाडेपट्ट्याचा प्लॉट गहाण टाकायला एमआयडीसीची संमती लागते, तिला वेळ लागला. मग बँकेचे वकील, मग व्हॅल्युएशन, मग वरच्या कार्यालयाची मंजुरी. फ्लॅटचे मूळ कागद आणि जामीन मुक्तीचं पत्र हातात आलं तेव्हा पुढचा हंगाम सुरू झाला होता आणि माझ्या टेबलावर बसलेला नवा अकाउंटंट खोक्यांची चलनं काढत होता.

त्यानंतर एका पेपर मिलची वकिली नोटीस आली, तिघांच्याही नावे, सगळी थकबाकी एकत्र करून. यादी लावली तर पहिली दोन बिलं मेची होती, बाकी ऑगस्ट-सप्टेंबरची. मेच्या बिलांना मी पूर्ण रकमेपर्यंत जबाबदार, माझ्या ३० टक्क्यांपुरती नाही. ते उत्तरात नाकारलं नाही. ऑगस्टनंतरच्या बिलांसाठी राजपत्राचं पान, जाहिरातीचं कात्रण आणि त्यांच्याच कार्यालयाची पोचपावती जोडली. मिलच्या वकिलांनी पुढच्या पत्रात माझ्यासमोरचा आकडा कमी केला. मेचे पैसे फर्मनं भरले. मालाच्या दर्जाचा काही वाद होता म्हणून ते राहिले होते, असं दादा म्हणाला.

ऑटोमॅटिक लाइन आली, चांगली चालते. दादाचा मुलगा इंजिनिअर होऊन आलाय, त्याला भागीदार करायचं चाललंय. अण्णांची संमती लागणार होती, ती मिळाली. पोरगा परवा घरी आला होता. त्यानं इंटरनेटवर वाचलं होतं की नव्या भागीदारावर तो येण्याआधीच्या देण्यांची जबाबदारी येत नाही. बरोबर वाचलं होतं, ते कलम ३१ मध्येच आहे. पण त्याच्या बॅगेत बँकेचे फॉर्म होते, सहीच्या जागी पेन्सिलनं फुल्या मारलेले, आणि त्यातल्या हमीपत्रात ‘आजवरची आणि यापुढची सर्व येणी’ असे शब्द होते. ते शब्द मी त्याला बोटानं दाखवले आणि म्हटलं, “यातलं ‘आजवरची’ काढतात का ते विचार, नाही काढलं तर आजच्या शिलकीचा दाखला घे, मग सही कर.” तो फॉर्म घेऊन परत बँकेत गेला. दादाचा अजून फोन आलेला नाही.